कशावरून?

गेल्या ऑगस्टात माहेरी गेले होते. कऱ्हाडच्या बाजूचं गाव. पाऊस नुकताच उघडलेला, अंगणात शेवाळ धरलेलं, न वाळलेल्या कपड्यांचा आणि चुलीच्या धुराचा मिळून जो एक वास होतो तो घरभर. भावाची मुलगी सहावीत आहे. माजघरात भिंतीला पाठ लावून ती मोठ्यानं पाठ करत होती. दुसऱ्या दिवशी चाचणीचा पेपर, नागरिकशास्त्राचा. “गावातील मतदारांची सभा म्हणजे ग्रामसभा. ग्रामसभेत गावाच्या विकासाच्या कामांवर चर्चा होते.” प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान खाली, डोळे मिटलेले, ओठ हलत राहिलेले. तेवढ्यात मारुतीच्या देवळावरचा भोंगा खरखरला. सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येतं की आज सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायत कार्यालयासमोर ग्रामसभा आहे, तरी सर्वांनी वेळेवर हजर राहावं. तिनं वही पालथी ठेवली, उठून खिडकी लावून घेतली आणि पुन्हा भिंतीला टेकली. “आत्या, दार पण ओढ की. त्या आवाजानं ध्यानातच राहत नाही काही.”

मी दार ओढून घेतलं. भोंगा आणखी दोनदा वाजला, आता जरा दुरून आल्यासारखा. भाऊ ओसरीवर चहा पीत बसला होता, तो काही उठला नाही. “जायचं नाही का?” विचारलं तर म्हणाला, “शंभर माणूस होत नाही गं ताई. कोरम नाही म्हणून तहकूब करतील. तहकूब सभेला मग कोरम लागत नाही, दहाजण बसून उरकतात.” कायदा त्यानं कुठं वाचलेला नाही, पण सांगितलं ते बरोबर होतं. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तितकी माणसं हजर लागतात, आणि तहकूब सभेला ती अट राहत नाही. गावाचा कारभार नेमका कुठल्या फटीतून निसटतो हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. आत माजघरात त्याची लेक ग्रामसभेची कामं क्रमानं पाठ करत होती. या दोन खोल्यांच्या मधे एक उंबरा होता, आणि एकीकडचं ज्ञान दुसरीकडं जात नव्हतं.

मुलीला मी नावं ठेवत नाही. तिला पेपरात जे विचारणार तेच ती पाठ करत होती.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा भाच्याचं दहावीचं इतिहास आणि राज्यशास्त्राचं पुस्तक चाळत पडले. मनापासून सांगते, पुस्तक वाईट नाही. आमच्या वेळच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी चांगलं. पहिलाच धडा इतिहासलेखनाचा. इतिहास कसा लिहितात, पुरावा कसा तपासतात, वेगवेगळ्या काळातल्या लोकांनी त्याबद्दल काय म्हटलं. व्हॉल्टेअर आहे, रांके आहे, मार्क्स आहे, फुकोसुद्धा आहे. रेने देकार्त या तत्त्वज्ञाबद्दल सांगताना म्हटलंय की एखादी गोष्ट खरी आहे असं निःसंशय ठरत नाही तोवर ती स्वीकारू नये. या वाक्याखाली भाच्यानं पेन्सिलीनं रेघ ओढली होती आणि समासात ‘IMP’ ऐवजी मराठीत ‘महत्त्वाचे’ लिहून चौकोन केला होता. तपासल्याशिवाय काही मानू नका, हे वाक्य पोरानं न तपासता पाठ केलं होतं, कारण ते रिकाम्या जागेत येऊ शकतं. मला त्या चौकोनाकडं बघून फार वाईट वाटलं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी चांगल्या मनानं दार उघडलं, आणि प्रश्नपत्रिकेनं ते बाहेरून लावून घेतलं.

आम्हाला शिकवायला एक गुरुजी होते. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पांढरा लेंगा-सदरा, खिशाला शाईचा डाग, आणि धडा चालू असताना एकच प्रश्न विचारायची सवय: कशावरून? कुणी उत्तर दिलं की कौतुक नाही, रागावणं नाही, आधी “कशावरून?” “पुस्तकात आहे गुरुजी,” असं म्हटलं की म्हणायचे, “पुस्तकात कुठनं आलं?” आम्ही त्यांना वैतागायचो. दुसऱ्या तुकडीचे मास्तर फळ्यावर उत्तरं लिहून द्यायचे, त्या पोरांचा आम्हाला हेवा वाटायचा.

आठवीत प्रतिसरकारचा उल्लेख आला. आमच्याच भागातला इतिहास, आणि पुस्तकात तो थोड्याशा ओळींत संपलेला. १९४३ ते १९४६, क्रांतिसिंह नाना पाटील, सातारा जिल्हा, इंग्रज सत्तेला समांतर सरकार, झालं. गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, घरी ज्यांना त्या वेळचं आठवतंय त्यांना विचारा आणि एक पान लिहून आणा. त्या काळी गावात अशी माणसं पुष्कळ होती. माझी आजीच होती. ती त्या वेळी नुकती लग्न होऊन आलेली. दिवसभर वैरण, शेणकूर, आणि संध्याकाळी सासू टोपल्यात जादा भाकरी बांधून द्यायची. त्या उसाच्या फडाच्या कडेला ठेवून माघारी यायचं, वळून बघायचं नाही. कोण घेऊन जायचं ते तिनं कधी पाहिलं नाही. शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे लुटली, ती जून १९४३ मध्ये, त्यानंतर पोलीस गावागावांत फिरत होते तेव्हा तिच्या सासूनं भाकरीच्या टोपल्यावर ओलं शेण पसरलं होतं. हे सगळं आजी मला चुलीपुढं बसून सांगत होती आणि सांगताना तिचा आवाज तरुण झाला होता. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. गांधी लग्नांबद्दलही सांगितलं तिनं, एका हारात, मानपानाशिवाय लागलेली लग्नं, आणि प्रतिसरकारनं दारू गाळणाऱ्यांना दिलेला दम. माझं पान भरून पाठपोट झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांनी पानं वाचली. बहुतेक माझ्यासारखीच, अभिमानाची. एका मुलाचं पान मात्र कोरं होतं. गुरुजींनी विचारलं तर तो म्हणाला, आजोबा काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. मग चार-पाच दिवसांनी त्यानं अर्धं पान आणलं. त्याच्या घरातल्या एका माणसाला प्रतिसरकारच्या लोकांनी शिक्षा केली होती. तळपायावर मार. तो माणूस पुढं लंगडतच जगला. आजोबांचं म्हणणं होतं की त्यानं काही केलं नव्हतं, कुणीतरी जुन्या भांडणावरून नाव सांगितलं. माझ्या आजीचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या मते तो सावकाराच्या बाजूचा होता आणि खबर देत होता. एकच गाव, एकच गल्ली, दोन घरांच्या भिंती एकमेकींना लागून.

वर्ग गप्प झाला. त्या मुलाकडं कुणी बघेना.

गुरुजींनी काय केलं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. त्यांनी फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली. एका बाजूला आजीचं म्हणणं लिहिलं, दुसऱ्या बाजूला आजोबांचं. कोण खरं, हे सांगितलं नाही. विचारलं, आजीनं स्वतः काय पाहिलं? भाकरी ठेवल्या हे पाहिलं. तो माणूस खबर देत होता हे? ते ऐकलेलं. कुणाकडनं? आजोबांनी काय पाहिलं? मार बसलेला पाय पाहिला. नाव कुणी सांगितलं हे? तेही ऐकलेलं. मग म्हणाले, चळवळ मोठी होती. देश स्वतंत्र व्हायच्या आधी आपल्या लोकांनी आपला कारभार चालवून दाखवला, ही साधी गोष्ट नाही. आणि त्या मोठ्या चळवळीत एखाद्या माणसावर अन्याय झाला असेल, हेही होऊ शकतं. “दोन्ही लिहा वहीत. एक खोडून दुसरं लिहू नका.” त्या तासाला मी जे शिकले ते नंतर कुठल्याही वर्गात शिकले नाही. आजीवरचा माझा विश्वास कमी झाला नाही. पण घरी आल्यावर पहिल्यांदाच तिला विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?” आणि आजी बराच वेळ विचार करत बसली.

पाठ्यपुस्तकांवरून आपल्याकडं दरवर्षी एखादं वादळ उठतं. अमका धडा वगळला, तमक्याला एकच ओळ दिली, या राजाला कमी पानं आणि त्या राजाला जास्त. त्यातले काही आक्षेप खरे असतात. कोण आत आणि कोण बाहेर याला महत्त्व आहेच. ज्यांच्या पूर्वजांना पुस्तकात शतकानुशतकं जागा मिळाली नाही त्यांना ते जास्त कळतं. पण या सगळ्या भांडणात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: मुलाच्या डोक्यात काय भरायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, आणि मुलानं ते जसंच्या तसं परत द्यायचं. भरण्याच्या मालावर वाद, भरण्यावर नाही. माझं मन तिथं अडतं.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचंच घ्या. चौथीपासून महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल ती तारीख शिकतं. पण ती कशी ठरली, ही किती विलक्षण गोष्ट आहे, ती वर्गात कितीजण सांगतात? बरीच वर्षं शके १५४९ मधली वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ सालची तिथी मानली जात होती. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा. महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवींच्या ‘शिवभारत’ या काव्यातही तीच तिथी. पुढं राजस्थानात सापडलेल्या एका कुंडलीचा आधार मिळाला. तरी वाद मिटला नाही. १९६६ साली राज्य शासनानं इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनानं स्वीकारली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. एका तारखेमागं एवढं दप्तर, एवढी तपासणी, एवढे विद्वान एकमेकांशी भांडलेले, आणि कुणाचीही महाराजांवरची भक्ती त्यानं तसूभर कमी झाली नाही. उलट ज्या माणसाच्या जन्माची एक तिथी नक्की करण्यासाठी लोकांनी आयुष्यं घातली, तो माणूस मुलांना जास्त जवळचा वाटेल. सहावी-सातवीतल्या पोरांपुढं हे तीन पुरावे ठेवा, पुस्तक मिटा, आणि तुम्ही ठरवा म्हणा. दोन तासिका लागतील. पण त्या दोन तासिकांत पोरांना जे येईल ते पुढं मोबाइलवर आलेला प्रत्येक फॉरवर्ड वाचताना उपयोगी पडेल, आणि आज त्याची गरज किती आहे हे मी वेगळं सांगायला नको.

नागरिकशास्त्राची गत तर इतिहासाहून वाईट. इतिहासात निदान गोष्ट असते, लढाई असते, आग्र्याहून सुटका असते. नागरिकशास्त्र म्हणजे मुलांच्या लेखी पुस्तकाच्या मागची पंचवीस-तीस पानं, परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायची. वयाची अट, सदस्यसंख्या, कार्यकाल. शहरातली मुलं शिकली की दर पाच वर्षांनी नगरसेवक निवडून येतात, आणि त्याच वेळी, २०२२ च्या मार्चपासून पुढं वर्षानुवर्षं, पुण्या-मुंबईच्या महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. नळाला पाणी आलं नाही तर जायचं कुणाकडं, हा प्रश्न त्या मुलांच्या घरात रोज बोलला जात होता. पेपरात मात्र ते ‘पाच वर्षे’ लिहून एक गुण घेऊन आले. एकाही मुलानं हात वर करून विचारलं असेल का, बाई, मग आपला नगरसेवक कुठाय? विचारलं असेल तर त्या बाईंना मोकळेपणानं उत्तर देता आलं असेल का?

आणि मतदानाचा दिवस. आमच्या गावात मतदान केंद्र शाळेतच असतं, भिंतीवर गेरूनं केंद्राचा क्रमांक रंगवलेला असतो. मुलं ज्या बाकांवर बसून निवडणूक प्रक्रिया शिकतात तेच बाक त्या दिवशी सरकवून मशीन मांडतात. शिकवणारे गुरुजी कुठल्या तरी केंद्रावर बोटाला शाई लावायला बसलेले असतात. गावातला प्रत्येक मोठा माणूस त्या दिवशी शाळेत येतो, रांगेत सरपंच आणि सालगडी एकामागं एक उभे राहतात. आणि मुलांना सुट्टी! केंद्रात मुलांना नेता येत नाही हे मला समजतं, ते योग्यच आहे. पण दुसऱ्या दिवशी शाळा भरते तेव्हा गुरुजींनी त्या रांगेबद्दल बोलायला काय हरकत आहे? मतदार यादीत नाव सापडलं नाही म्हणून कोण परत गेलं, आंधळ्या म्हातारीच्या सोबत कोण आत गेलं, गुप्त मतदान गुप्त ठेवायला गावात किती जड जातं. गुरुजी बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीचं काम बघायला, उन्हातान्हात घरोघरी फिरलेले असतात, वारलेल्यांची नावं कमी केलेली, नव्या सुनांची घातलेली. त्यांच्याइतकं नागरिकशास्त्र जिल्ह्यात कुणाला येत नसेल. ते सगळं त्यांच्या फाइलीत राहतं आणि वर्गात येताना ते गाईड घेऊन येतात.

प्रत्येक घरात एक कागद असतो, घरपट्टीची पावती. खुंटीच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. तिच्यावर रकाने असतात: घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. ती पावती घेऊन या म्हणायचं, बस्स. दिवाबत्तीचे पैसे आपण भरले का? मग आपल्या गल्लीतल्या खांबावर दिवा आहे का? नसेल तर कुणाला लिहायचं, अर्जाचा मजकूर काय, पोच कशी घ्यायची? वित्त आयोगाचा निधी आपल्या गावाला किती आला, तो फलक कुठं लावलाय? सहावीच्या पोराला हे सगळं समजतं. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही एवढं जरी शाळेतून बाहेर पडताना प्रत्येक मुलाला ठाऊक असलं तरी या राज्याचा कारभार थोडा बदलेल, असं मला खरंच वाटतं. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव काही पुस्तकातून शिकलं नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारी ती माणसं अभ्यासगट करून बसायची, कायदा समजून घ्यायची, सगळ्यांची संमती होईस्तोवर निर्णय करायची नाहीत. २००९ साली त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. नागरिकशास्त्राची याहून मोठी परीक्षा कुठली?

मी हे लिहिते आहे खरं, पण शाळेतल्या माणसांच्या अडचणी मला दिसतात. माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब, प्रशिक्षणं, सर्वेक्षणं, यातून उरलेल्या वेळात शिकवणं. ती म्हणाली, “घरपट्टीची पावती आणायला सांगितली की दुसऱ्या दिवशी सरपंचाचा फोन येईल, मॅडम राजकारण करताय का शाळेत?” ती घाबरट नाही. तिची बदली होऊ शकते आणि तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. इतिहासाचं तर आणखी अवघड. आमच्या गुरुजींनी फळ्यावर ती उभी रेघ ओढली तो काळ वेगळा होता. आज त्या फळ्याचा फोटो कुणीतरी काढेल, अर्धाच काढेल, आणि संध्याकाळपर्यंत शाळेपुढं माणसं जमतील. दोन घरांच्या भिंतींतलं जुनं दुखणं वर्गात आणायचं तर त्या मुलाला जपावंही लागतं; कोरं पान आणणाऱ्या त्या मुलाला गुरुजींनी चार दिवस एका शब्दानं टोकलं नव्हतं, तास संपल्यावर त्याला सोबत घेऊन ते तळ्यापर्यंत चालत गेले होते, हे मला नंतर कळलं. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवता येईल? मला शंका आहे. पण शिक्षकाच्या पाठीशी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि आम्ही पालक उभे राहिलो तर निदान त्याला एकट्याला घाबरावं लागणार नाही.

पालक म्हणजे आपणच, आणि आपल्याला मार्क हवे असतात. मलाही भाचीला चांगले मार्क पडावेत असं वाटतं, त्यात लाज कसली. म्हणूनच मला वाटतं की सुरुवात पुस्तकापासून नको, प्रश्नपत्रिकेपासून हवी. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा असतो. जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं, हे सत्य बदलणार नसेल तर विचारायचं ते बदलू या. जोड्या लावा राहू दे, टिपा लिहा राहू दे, सगळं उपटून टाकायची गरज नाही. फक्त आठ गुण मागून घ्यायचे आहेत. त्या आठ गुणांत मी दोन प्रश्न घातले असते. पहिला: ‘तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एका जुन्या घटनेबद्दल दोन माणसांनी सांगितलेली हकीकत लिहा. ती कुठे जुळते, कुठे जुळत नाही? तुम्हाला कोणाचे पटते आणि कशावरून?’ दुसरा: ‘तुमच्या भागातील एका अडचणीसाठी योग्य कार्यालयाला अर्ज लिहा आणि हेच कार्यालय का निवडले ते सांगा.’

बोर्डातले अनुभवी लोक लगेच म्हणतील की याचं नमुना उत्तर देता येत नाही. पेपर तपासणाऱ्यांनी गुण द्यायचे कसे? बरोबर आहे. साताऱ्याच्या मुलाची हकीकत गोंदियाच्या परीक्षकाला पडताळता येणार नाही. तिथं मुलगा खरं बोलला का हे बघायचंच नाही. त्यानं पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं केलं का, दुसऱ्या बाजूला तिचं म्हणणं पुरतं मांडू दिलं का, आणि आपला निष्कर्ष कशावर टेकवला, एवढंच बघायचं. पाठ करून आणलेलं उत्तर कुठलं आणि स्वतः विचारून आणलेलं कुठलं, हे वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला दोन ओळींत कळतं. चुका होतील, एखाद्याला सहाऐवजी पाच मिळतील, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज वाढतील. तरी ते गुण द्यायचा अधिकार त्या शिक्षकाला देऊन बघू या.